बाळंतिणीचे कान

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. भाजीत घालायला शेवग्याचा पाला द्यावा अन् बाळालाही बघून यावं म्हणून गेले, तर घरात चांगलीच जुंपलेली. बाजेवर बाळंतीण, मांडीवर सतरा दिवसांचं लेकरू आणि समोर कमरेवर हात ठेवून आजी उभी. भांडणाचं कारण काय, तर फोनची कानात घालायची वायर!

‘‘अवं, ओल्या बाळंतिणीचं अंग कच्चं असतं. कानात वारं शिरलं तर जन्माची डोकेदुखी लागंल. मी इकडं कान बांधती अन् ही फडकं सोडून ती बोंडं घालती कानात!’’ आजींनी माझ्याकडे तक्रार गुदरली.

लेक म्हणाली, ‘‘काकू, तुम्हीच सांगा ना आजीला. यातून वारं नाही शिरत. एक बाई बोलते त्यात. तिलाही माझ्यासारखं रात्र-रात्र जागरण व्हायचं, रडू यायचं. तिचं ऐकलं की जरा बरं वाटतं.’’

आजी फणकारल्या, ‘‘फोनातली बाईच बोलती तर मग मी काय मुकी हाये? घरात आम्ही तिघी बाया हावोत, आमचं ऐक की!’’

लेक यावर काहीच बोलली नाही. खाली मान घालून बाळाचं टोपडं नीट करत बसली. मी हसून विषय बदलला, पण घरी आल्यावर तिचं ते गप्प बसणं डोक्यातून जाईना. घरात आजी, आई, वहिनी अशा तीन-तीन बायका असताना या पोरीला फोनमधली अनोळखी बाई का लागावी?

ती जे ऐकत होती त्याला पॉडकास्ट म्हणतात. आपल्यापैकी अनेकींना हा शब्द नवा वाटेल, पण वस्तू नवी नाही. मोबाईलवरचा रेडिओच म्हणा ना! फरक एवढाच, की रेडिओवरचा कार्यक्रम त्याच्या वेळेला लागतो आणि हा आपल्या वेळेला. रात्री अडीच वाजता बाळ उठलं तर अडीच वाजता लावा. मध्येच बाळ रडलं तर थांबवा, पुन्हा तिथूनच पुढे ऐका. बाळंतिणीचे दोन्ही हात बाळात गुंतलेले, डोळे झोपेनं जड झालेले. तिला वाचायला जमत नाही, टीव्ही बघायला जमत नाही. मोकळे असतात ते फक्त कान.

आणि या कानांचं मोल मला चांगलं ठाऊक आहे. २००४ साली माझं दुसरं बाळंतपण झालं. माहेरी होते. आईनं करण्यात काही कमी ठेवलं नव्हतं. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, अंगाला तेल, बाजेखाली शेगडी, सगळं यथासांग! पण आठव्या-नवव्या दिवसापासून मला उगाच भरून यायला लागलं. बाळ झोपलं तरी मला झोप लागायची नाही. बाळ रडलं की आधी जिवाचा थरकाप व्हायचा अन् मग राग यायचा. बाळ बघायला बायका यायच्या. ‘‘दुसरीबी पोरगीच का? असू दे, लक्ष्मी आली,’’ म्हणायच्या. त्या ‘असू दे’मध्ये सगळं आलं! मी रडले की आई घाबरून म्हणायची, ‘‘रडू नको बाई, दूध आटंल.’’ मग मी रडायचंसुद्धा चोरून.

वडील फार बोलणारे नव्हते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायची पद्धतही नव्हती. त्यांनी एका दुपारी आपला ट्रान्झिस्टर आणून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि न बोलता निघून गेले. आकाशवाणी लागलेली होती. गाणी झाली, मग कुणी बाई काहीतरी सांगू लागली. काय सांगत होती ते आज आठवत नाही. लोणच्याचीच कृती असेल कदाचित! पण तो आवाज मला काही विचारत नव्हता. दूध पुरतं का, टाके सुकले का, सासरचे बघायला आले का, काही नाही. माझ्याबद्दलचं काही बाहेर नेऊन सांगणारही नव्हता. त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी तासभर झोपले.

म्हणून मला त्या लेकीचं गप्प बसणं कळलं. आजीवर तिचा राग नव्हता. पण आजीला ‘मला बाळाचा कंटाळा येतो’ असं सांगायची सोय होती का? सांगितलं असतं तर पोरगी बिघडली, आम्ही सहा-सहा काढली तरी असं म्हटलं नाही, हेच ऐकायला मिळालं असतं. आपण बाळंतिणीचे कान वाऱ्यासाठी बांधतो, मैत्रिणींनो, पण शब्दांसाठी सताड उघडे ठेवतो. ‘नाक बापावर गेलं, रंग मात्र आईचाच आला.’ ‘तुला दूधच येत नाही वाटतं.’ ‘सिझर झालं म्हणजे कळा कुठं सोसल्या!’ वाऱ्यापेक्षा हे जास्त झोंबतं.

हे केवळ नाजूक मनाचे चोचले आहेत असं कुणाला वाटत असेल तर थोडं थांबा. २००२ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ चौघींतल्या एकीला प्रसूतीनंतरचं नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि बाळ मुलगी असणं, ही त्यामागची मोठी कारणं दिसली. २०१७ साली भारतातल्या अशा ३८ अभ्यासांचा, सुमारे वीस हजार मातांचा, एकत्र आढावा निघाला. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे शंभर पाळण्यांमागे बावीस जणी! आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात त्या आहेतच. आपण त्यांना ‘नाटकी’, ‘आळशी’, ‘बाहेरचं काही लागलेली’ अशी नावं ठेवून मोकळ्या होतो.

इथं एक नीट समजून घेऊ या. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे फार जणींना होतं. शरीरातली संप्रेरकं एकदम बदलतात, त्यात जागरण. विश्रांती आणि आधार मिळाला की दोन आठवड्यांच्या आत ते बहुधा निवळतं. पण दोन आठवडे उलटले तरी मन उदासच आहे, कशात रस वाटत नाही, बाळाबद्दल माया वाटत नाही किंवा सारखी भीतीच वाटते, आपण वाईट आई आहोत असं वाटतं, तर तो आजार आहे. त्याला उपचार आहेत. बोलण्यानं, समुपदेशनानं आराम पडतो. गरज पडली तर अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. आणि बाळंतीण भलतंसलतं बोलू लागली, तिला भास होऊ लागले, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवू लागली, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगारे-धुपारे करण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो.

आता आवाजाकडे येते. फोनवरच्या आवाजातून आईपर्यंत पोचायची कल्पना आपल्याच महाराष्ट्रात रुजलेली आहे. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली ‘अरमान’ ही संस्था काढली. या संस्थेनं २०१४ मध्ये ‘एममित्र’ सुरू केलं. गरोदर बाईच्या फोनवर तिच्या महिन्याप्रमाणे, आणि पुढे बाळाच्या वयाप्रमाणे, तिच्या भाषेत मोफत फोन येतो. दोन-चार शब्दांत सल्ला, तोही बाळ वर्षाचं होईपर्यंत. केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही अशीच सेवा २०१६ पासून देशात सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती आपल्या राज्यात मराठीतून आली. चौथ्या महिन्यापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आठवड्याला एक, असे एकूण ७२ संदेश. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही चालतील असे. साधा बटणांचा फोनसुद्धा पुरतो, इंटरनेट लागत नाही. फारच चांगलं काम आहे हे.

पण माझे दोन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा, तो फोन वाजतो कुणाच्या खिशात? गरोदरपणाची नोंद करताना जो नंबर दिला जातो त्यावर ‘किलकारी’चा फोन येतो. आणि आपण नंबर कुणाचा देतो? नवऱ्याचा! तो बिचारा सोंगणीला गेलेला, नाहीतर जालन्याला कामावर. फोन उचलतो, ‘बाईचं काहीतरी आहे’ म्हणून ठेवून देतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनीच सांगितलं, की आपल्याला वापरायला स्वतःचा फोन आहे. म्हणजे जवळपास निम्म्या जणींच्या कानाशी हा आवाज थेट पोचतच नाही. माझी सगळ्या आया-सासवांना विनंती आहे. सुनेची, लेकीची नोंद कराल तेव्हा तिचाच नंबर द्या. तिच्याकडे फोन नसेल तर घरातल्या ज्या फोनशी ती दिवसभर असते तो द्या. बाळंतविड्यात साडी-चोळीच्या जोडीला एखादा साधा फोन ठेवला तर काय बिघडलं?

दुसरा मुद्दा, तो आवाज बोलतो काय? लसीकरण, लोहाच्या गोळ्या, अंगावरचं दूध, बाळाचं वजन, दोन मुलांतलं अंतर, यावरच मुख्य भर. हे सगळं हवंच. पण यात आई कुठे आहे? बाळाची आई म्हणून तिला सूचना मिळतात, पण ‘बाई, तू कशी आहेस?’ हे विचारायला कुणी मोकळं नाही. आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईलाही अंगावरून फार जातं का वगैरे विचारतात. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, मला माहीत आहे. तरी या सहा खेपांत दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागेल? गेल्या पंधरा दिवसांत मन फार उदास, हताश वाटलं का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उत्तर ‘हो’ आलं की पुढची चौकशी करायची. एवढंच.

‘आम्ही सूचना करतो, स्वतः काय करतो’ असं कुणी विचारेल, म्हणून आमची फजिती आधी सांगते. शेजारच्या लेकीचा प्रसंग मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितला. पाच-सहा जणींनी ठरवलं, की आपल्या ओळखीतल्या बाळंतिणींसाठी आपणच मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचं बोलणं भरायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. आपल्या दुसरबीडचा घरगुती पॉडकास्ट! पहिला मान अर्थातच माझा. माझ्यातली बी.ए.ची पदवी जागी झाली. ‘मातृत्व ही स्त्रीला मिळालेली अनमोल देणगी आहे’ अशी झोकात सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लेकीला विचारलं, कसं वाटलं? ती आधी गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘काकू, रागावू नका. जिजाऊ जयंतीच्या भाषणासारखं वाटलं. एका मिनिटानं बंद केलं मी.’’

बरोबरच होतं तिचं. सिंदखेडराजा इथून हाकेच्या अंतरावर. दर १२ जानेवारीला आम्ही आदर्श मातेवर भाषणं ऐकतच मोठ्या झालो. पण रात्री दोन वाजता दुधानं चोळी भिजलेल्या पोरीला आदर्श नको असतो, सोबत हवी असते.

मग मी आजींकडेच गेले. म्हटलं, ‘‘तुम्ही मुक्या नाही ना? मग बोला!’’ आधी लाजल्या. फोन तोंडासमोर धरला तर ‘हॅलो’ म्हणाल्या! मग बोलत गेल्या. तिसऱ्या खेपेला कसं झालं होतं ते. ‘‘मी लेकराकडं पाठ करून निजायची. माय, वाटायचं मीच वाईट हाये. कुणाला सांगावं? सासू म्हणायची, भूत लागलं. मग एक जाऊ होती मोठी. ती रोज रातच्याला लेकरू घ्यायची अन् मला म्हणायची, तू नीज. बास, तेवढंच म्हणायची.’’ चार मिनिटं सात सेकंद. मागून कोंबडा आरवलेलाही ऐकू येतो त्यात.

लेकीनं ते तीनदा ऐकलं. मला म्हणाली, ‘‘आजीनं हे मला कधीच नाही सांगितलं.’’ आता बघा, एका घरात, एका खोलीत दोघी. पण समोरासमोर जे बोलता आलं नाही ते फोनमधून फिरून आलं. त्या रात्रीपासून पहाटेचं बाळ आजींकडे असायचं.

म्हणजे ऐकण्याची साधनं आपल्याकडे आहेत, सांगण्यासारखंही भरपूर आहे. साताऱ्याकडे म्हसवडला ‘माणदेशी’च्या बायका २००८ पासून आपलं रेडिओ केंद्र चालवतात, आपल्या बोलीत बोलतात. मग बाळंतिणीसाठी वऱ्हाडीत, मराठवाडी बोलीत, अहिराणीत असा आवाज का तयार होऊ नये? सरकारी संदेशांत तो का जोडला जाऊ नये? आदेश देणारा नको, ‘माझंबी असंच झालं होतं’ म्हणणारा हवा.

मात्र आवाजावर सगळं सोडून चालणार नाही. मध्य प्रदेशात ‘किलकारी’चा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. पाळणा लांबवण्याची साधनं वापरण्याचं प्रमाण थोडं वाढलं, पण सहा महिने फक्त अंगावरचं दूध देण्यात एकूण फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटत नाही. बाळाला घुटी चाटवायची की नाही हे आपल्याकडे एकटी आई ठरवते का? तिच्या एकटीच्या कानात सांगून काय उपयोग? सासूच्या, नवऱ्याच्या कानातही ते पडायला हवं. म्हणून माझं म्हणणं आहे, एक भाग तिनं एकटीनं ऐकावा, वायर लावून. एक भाग घरानं मिळून ऐकावा, मोठ्या आवाजात, जेवणं झाल्यावर.

शिवाय मोबाईलवर बोलणारा प्रत्येक आवाज भरवशाचा नसतो. ‘आईचं दूध कमी पडतं, आमचा डबा घ्या’ असं गोड आवाजात सांगणारेही भेटतील. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं बंदी आहे, हे लक्षात असू द्या. जो आवाज काही विकतो, घाबरवतो किंवा डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगतो, तो बंद करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आवाजाच्या पलीकडे माणूस हवा. आमचं बोलणं ऐकून एका सुनेनं पहाटे साडेचारला उलट निरोप पाठवला. ओळख कळू नये म्हणून तिच्याबद्दल जास्त सांगत नाही, तिला विचारूनच एवढं लिहिते. ‘‘ताई, मला जगावंसं वाटत नाही. लेकराला बघून काहीच वाटत नाही,’’ एवढंच ती बोलली होती. आमच्यातल्या एकीनं ते साडेसहाला ऐकलं आणि तशीच धावत तिच्या घरी गेली. त्या दोन तासांचा विचार आला की आजही पोटात गोळा येतो. तिच्या नवऱ्याला समजावलं, आशाताईंना बोलावलं, ‘टेली मानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन लावला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मोफत आहे, दिवस-रात्र चालते, मराठीत बोलता येतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. पुढे औषध-पाणी झालं. आज ती बरी आहे, बाळ रांगतंय.

त्या दिवशी आम्हाला कळलं, की फोनवर बोलायला पाच जणी पुरतात, पण ऐकून घ्यायला कुणीतरी कायम जागं लागतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी आम्ही १४४१६ सांगतो आणि शेजारच्या एका बाईचं घर सांगतो. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं हेच केलं. डॉक्टर-नर्स नसलेल्या, गावातल्याच साध्या बायकांना शिकवलं, त्यांना उदास आयांच्या घरी पाठवलं. २०१९ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष आले आणि त्याचा उपयोग होतो हे दिसलं. बाईला बाईच सावरू शकते. त्यासाठी पदवी नको, थोडं शिकणं आणि पुष्कळ ऐकून घेणं हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा झबलं-टोपडं न्याच. पण आधी बाळाकडे न बघता आईकडे बघा. ‘दूध पुरतं का’ याच्या आधी ‘झोप झाली का’ विचारा. तिला एखादं चांगलं बोलणं फोनवर लावून द्या आणि अर्धा तास बाळ तुम्ही घ्या. तिला वाटलं तर ती बोलेल. बोलली तर मध्ये बोलू नका, आणि ते शब्द त्या घराबाहेर नेऊ नका.

आमच्या आजी आजही बाळंतिणीचे कान बांधायचा आग्रह सोडत नाहीत. पण परवा गल्लीत नवी बाळंतीण आली, तर मला विचारत होत्या, ‘‘माझं ते कोंबड्यावालं धाडलं का नाही तिला?’’

धाडलं आजी, त्याच दिवशी!